संवेगाला ‘हादरा’ म्हणावं का?

वणी तालुक्यातल्या एका शाळेत नववीला विज्ञान शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय: पुस्तकातला ‘संवेग’ पोरांच्या डोक्यात बसत नाही. खाणीत ब्लास्टिंग झालं की मात्र सारं गाव ‘हादरा बसला’ म्हणतं. मग संवेगाला सरळ हादराच म्हटलं तर काय बिघडलं?

बिघडतं, सर. क्रियापदं पाहा. हादरा बसतो, धक्का लागतो, दणका देतात. तिन्ही क्षणात घडून जातात. संवेग घडत नाही, तो असतो. चालत्या वस्तूजवळ तो असतोच, मग ती कुणाला धडको न धडको. वस्तुमान गुणिले वेग, एवढाच त्याचा हिशेब. एकाच चालीच्या दोन बैलबंड्या, त्यातली कापसानं भरलेली वजनाला रिकामीच्या चौपट, तर तिचा संवेगही चौपट. न्यूटननं १६८७ च्या लॅटिन ग्रंथात याला नुसतं ‘गतीचं परिमाण’ म्हटलं होतं. ‘जोर’ हा शब्द इथं वापरू नका. चिखलात रुतलेल्या बंडीलाही बैल जोर लावतात आणि बंडी तसूभर हालत नाही. जोर म्हणजे बल.

धक्क्याला शास्त्रात जवळचा शब्द ‘आवेग’: बल गुणिले ते जितका वेळ लागलं तो काळ. वस्तूचा संवेग तेवढ्यानंच बदलतो. कवितेतल्या आवेगाशी याचा घोळ होतो, त्याला इलाज नाही.

पोरांना कंचे खेळायला लावा. नेम धरून वरून मारलेला कंचा समोरच्या तेवढ्याच कंच्याला बरोबर मधोमध लागला, तर मारणारा जवळजवळ जागीच थांबतो आणि दुसरा सुटतो. एकाचा संवेग दुसऱ्याला गेला. घरंगळत आलेला कंचा मात्र टक्कर झाल्यावरही थोडा पुढे सरकतो, कारण त्याची गिरकी अंगात उरलेली असते. आणि तो ‘टक्’? काच क्षणभर थरथरली, तिनं हवा थरथरवली, त्यात थोडी ऊर्जा गेली. दोघांचा मिळून संवेग त्या टकरीत घटत नाही. ऊर्जा मात्र अशी आवाजात, उष्णतेत जाते. हा फरक ‘हादरा’ म्हटल्यावर पार बुडतो.

तरी तुमचा कान खोटा नाही. वेग, आवेग, उद्वेग, संवेग हे सगळे संस्कृत ‘विज्’ धातूचे, आणि धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचा अर्थ दिलाय ‘भयचलनयोः’, म्हणजे भिणं आणि हलणं. पाली भाषेत तर संवेग म्हणजे मनाला बसलेला हादराच. म्हातारपण, आजार, मरण पाहून माणूस आतून हलतो, तो. योगसूत्रात ‘तीव्रसंवेगानामासन्नः’ येतं, तिथं संवेग म्हणजे साधकाची तळमळ. भौतिकशास्त्राच्या परिभाषेत तो आला तेव्हा भय आणि तळमळ दोन्ही गळून चलन तेवढं उरलं. माझ्या मते निवड चांगली होती, फक्त पाठ्यपुस्तकं हे कधी सांगत नाहीत.

आता गावातला हादरा. तो कंपनाच्या गोत्रातला. सुरुंग उडाला म्हणून खाणीतली माती तुमच्या अंगणात येत नाही. तिथला कण शेजारच्याला ढकलतो, पुन्हा जागेवर येतो, शेजारचा पुढच्याला ढकलतो. कण आपापल्या ठिकाणी मागंपुढं होत राहतात आणि पुढं सरकते ती थरथर, म्हणजे ऊर्जा. एका झटक्यात जाणवलं तर हादरा म्हणा, तेच पुन्हापुन्हा होत असेल तर कंपन. एका सेकंदात किती वेळा, ती वारंवारता. हवेतून आवाज येतो तोही याच रीतीनं, फक्त सावकाश: सेकंदाला सुमारे ३४० मीटर. खडकातून थरथर त्याच्या कितीतरी पट वेगानं येते. खाण दोन किलोमीटरवर असेल तर आवाज पोचायला सहाएक सेकंद लागतात, जमीन त्याच्या आधीच हालून गेलेली असते. म्हणून फळीवरची भांडी आधी वाजतात, ‘धडाम’ मागाहून. खिडकीची काच पुष्कळदा या दुसऱ्या वेळी वाजते, हवेच्या दाबानं. पुढच्या ब्लास्टिंगला वर्गातल्या पोरांना फरशीवर हात ठेवून थरथरीपासून ‘धडाम’पर्यंतचे सेकंद मोजायला लावा. सेकंदाला ३४० मीटर धरले की खाण साधारण किती लांब आहे तेही निघेल.