कॅम्पर वाहणाऱ्या पिकअपला कोणते टायर टिकतील?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो. आमच्या थ्री-क्वार्टर टन (जास्त ओझे वाहणाऱ्या) वर्गातील पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर, म्हणजे झोपण्या-राहण्याची फिरती खोली, आम्ही घेतला असून माहितीपत्रकात त्याचे रिकामे वजन 2,400 पौंड दिले आहे. उन्हाळ्यात युटा व यलोस्टोन आणि हिवाळ्यात आय-70 महामार्गाने डोंगरातली स्की-गावे असा आमचा प्रवास असतो. मागचे दोन्ही टायर (एलटी म्हणजे हलक्या ट्रकच्या वर्गातले, माप 275/70 आर 18, भार पेलण्याची श्रेणी म्हणजे लोड रेंज ई) कडांनी लवकर झिजले. दाराच्या चौकटीवरील पट्टीवर मागच्या टायरांसाठी 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) इतका हवेचा दाब लिहिला आहे. गाडी मऊ चालावी म्हणून आम्ही 65 ठेवतो, पण हवा कमी झाल्याचा इशारा देणारा दिवा कधी लागला नाही. दुकानदार भार निर्देशांक 116 असलेले, 60,000 मैलांच्या हमीचे स्वस्त टायर सुचवतो. ते घ्यावेत का?
– एक वाचक, कोलोरॅडो

उत्तर : ते टायर घेऊ नयेत. निर्देशांक 116 म्हणजे एका टायरला 1,250 किलो, अर्थात सुमारे 2,756 पौंड. परंतु या मापात एवढ्या निर्देशांकाचा टायर बहुधा प्रवासी मोटारीच्या वर्गातला असतो आणि तसा टायर पिकअपला लावताना ही क्षमता 1.1 ने भागून धरावी लागते, त्यामुळे मागच्या दोन टायरांची मिळून मर्यादा 5,010 पौंडांच्या आसपास येते. आपल्या सध्याच्या टायरांचा निर्देशांक 125 असेल, तर 80 पीएसआयला हीच मर्यादा सुमारे 7,280 पौंड आहे. कॅम्परचा बहुतेक भार मागच्या चाकांच्या जोडीवर, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवर येतो आणि तेथे 6,000 पौंड भरणे मुळीच अवघड नाही. साठ हजार मैलांची हमी ही नक्षी किती झिजेल याबद्दलची असते. टायर किती ओझे पेलेल, याच्याशी तिचा संबंध नाही.

तेव्हा नवे टायर घेण्याआधी गाडीचे वजन करून घ्यावे. माहितीपत्रकातील रिकाम्या वजनात पाणी धरलेले नसते आणि एक गॅलन पाणी सुमारे 8.3 पौंड भरते. म्हणजे 30 गॅलनच्या टाकीचेच 250 पौंड झाले, शिवाय गॅस, जादा बॅटरी, बाहेर पसरायचे कापडी छत, शिधा आणि आपण सर्व जण. महामार्गावरील मोठ्या ट्रक-थांब्यांवर पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलचे वजन वेगवेगळे सांगणारे काटे असतात. प्रवासाला निघाल्यासारखी पूर्ण भरलेली गाडी, सर्वांना आत बसवून, त्यावर न्यावी आणि मागच्या अ‍ॅक्सलचा आकडा दाराच्या पट्टीवरील त्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी ताडून पाहावा. तो ओलांडला असेल तर कितीही दणकट टायर उपयोगाचा नाही, कारण अ‍ॅक्सलची मर्यादा टायर बदलून वाढत नाही. चाकांच्या रिमनाही स्वतःची मर्यादा असते.

आपल्या टायरांच्या कडा झिजण्याचे कारण मला हवेच्या दाबात दिसते. टायरची सांगितलेली क्षमता ही त्याच्या पूर्ण दाबाला असते. दाब कमी केला की क्षमताही उतरते, टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्या वाकण्याने उष्णता साचते आणि अखेरीस नक्षीचा थर आतल्या पोलादी पट्ट्यांपासून सुटू शकतो. 2000 साली फोर्ड एक्सप्लोररवरील फायरस्टोन टायरांचे जे प्रकरण अमेरिकेत गाजले, त्यात असेच थर सुटून माणसे दगावली होती आणि कमी दाब व उष्णता यांची त्या वेळी बरीच चर्चा झाली. त्यानंतरच्या कायद्यातून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा आला. मात्र दाब पट्टीवरील आकड्यापेक्षा 25 टक्क्यांनी उतरल्यावर दिवा लागला तरी नियम पाळला जातो. म्हणजे 80 चे 60 होईपर्यंत तो शांत राहू शकतो, आणि आपले 65 नेमके त्या पट्ट्यात बसतात. शिवाय 10,000 पौंडांहून अधिक कमाल एकूण वजनाच्या गाड्यांना हा नियमच लागू नाही. दिव्यावर विसंबू नये. चांगला दाबमापक घेऊन सकाळी, टायर थंड असताना, तपासावे. युटाच्या उन्हात दुपारी दाब वाढलेला दिसला तरी हवा सोडू नये. थंडीत उलट होते : पारा दर 10 अंश फॅरनहाइट उतरला की या दाबाच्या टायरात दीड-दोन पीएसआय कमी होतात.

माझी शिफारस एलटी वर्गातील, लोड रेंज ई चा, सौम्य नक्षीचा ऑल-टेरेन (पक्क्या व कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणारा) टायर अशी आहे. त्याच्या बाजूवर तीन शिखरांमधील हिमकणाचे चिन्ह, म्हणजे बर्फावरच्या चाचणीत उतरल्याची खूण, असावे. आय-70 वर डॉट्सेरो ते मॉरिसन या टप्प्यात 1 सप्टेंबर ते 31 मे या काळात हिवाळी रस्त्यासाठी योग्य टायर आणि किमान 3/16 इंच नक्षी लागते. चिखलासाठीचे खोल, मोकळ्या नक्षीचे टायर मात्र टाळावेत. त्यांचे उंच ठोकळे भाराखाली डोलतात आणि वरचा जड कॅम्पर वळणावर अधिक झुलतो.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर 'DOT' या अक्षरांपुढे छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत : पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. कॅम्परची गाडी वर्षातले अनेक महिने उभीच असते, त्यामुळे नक्षी शिल्लक असतानाच रबर म्हातारे होते. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी आणि दहा वर्षांनंतर टायर वापरू नये. हौद्याखाली टांगलेली स्टेपनीही याच मापाची आणि याच क्षमतेची हवी, व तिची हवा इतर चार टायरांबरोबरच पाहावी.