भेंडीचे डीएनए मार्कर रानभेंडीवर वापरले आणि बँडच आला नाही, तर काय समजायचं?

लागवडीच्या भेंडीचे एसएसआर मार्कर (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरून झाडांतला फरक दाखवणाऱ्या खुणा) तुम्ही रानभेंडीवर चालवलेत आणि काही ठिकाणी जेल कोरी राहिली, म्हणजे डीएनएची पट्टी (बँड) दिसली नाही. त्यावरून ‘तो भाग रानभेंडीत नाहीच’ असं लगेच लिहू नका.

आधी डीएनए तपासा. भेंडीच्या पानातला बुळबुळीत चिकटा डीएनएबरोबर उतरतो आणि पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडवतो. कोवळं पान घ्या, सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) मीठ वाढवा आणि त्याच नमुन्यावर हरितलवकाचा एखादा हमखास चालणारा प्रायमर (प्रत कुठून सुरू व्हायची ते ठरवणारा डीएनएचा छोटा तुकडा) लावून बघा. तो चालला, तर मग प्रायमरच्या जागेचा विचार करायचा. जवळच्या जातींत ती जागा बहुधा तशीच टिकलेली असते, म्हणून तर हे मार्कर रानभेंडीवर चालतात. पण प्रायमरच्या टोकाशी डीएनएचं एक अक्षर बदललं तरी बँड जाऊ शकतो. अ‍ॅनिलिंगचं, म्हणजे प्रायमर चिकटण्याचं, तापमान थोडं उतरवून पुन्हा चालवा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे मार्कर लागवडीच्या वाणांत फरक दाखवतात म्हणूनच निवडलेले असतात. त्यांच्या मापाने रानभेंडीतली विविधता कमी दिसली, तर तो दोष मापाचाही असू शकतो. शिवाय लागवडीच्या भेंडीत गुणसूत्रं साधारण १३०, ‘मॅनिहॉट’ या तिच्या भाईबंद जातीत ६६ च्या आसपास; म्हणजे एकाच जागेच्या अनेक प्रती असू शकतात. त्यामुळे एका प्रायमरला चार-पाच बँड आले तर प्रत्येक बँड फक्त आहे-नाही एवढंच नोंदवा.

मग पैदासकाराला उपयोग काय? परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी क्रांती’ (१९८५) आठवा. ‘पुसा सावनी’चा ‘मॅनिहॉट’शी संकर करून, पुन्हा पुन्हा भेंडीशी जुळवून तिच्यात केवड्याची (पानं पिवळी पाडणाऱ्या विषाणूरोगाची) प्रतिकारशक्ती आणली. तेव्हा रोपं डोळ्यांनीच निवडावी लागली. आज रोप चार पानांचं असतानाच त्यात रानजातीच्या डीएनएचा किती भाग उरलाय हे मार्कर सांगतात, म्हणजे प्रतिकारशक्तीबरोबर येणारी काटेरी लव लवकर गाळता येते. मात्र रोप केवड्याला टिकतं का, हे केवडा पसरवणारी पांढरी माशी भरपूर असलेल्या शेतातच कळेल. ती चाचणी मार्करवर सोडू नका.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा. पावसाळा सरताना जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याकडेची पिवळ्या फुलांची रानभेंडी दरवर्षी बघतो. रुंदीकरणात आणि तणनाशकात ती पहिली जाते, म्हणून बी आत्ताच जमवा. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात, सोबत वाळवलेला नमुना आणि जागेची नोंद ठेवा. भीमगड अभयारण्यात मात्र वन खात्याच्या परवानगीशिवाय एक शेंगही तोडू नका.