बजेटमधला मदरबोर्ड, ओव्हरक्लॉकिंग आणि घरचं रेकॉर्डिंग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

आखाजीची आणि कानबाईची अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करतो. गायक, ढोलकी, कीबोर्ड धरून वीस-पंचवीस ट्रॅक होतात. बोर्डासाठी दहा हजारांच्या आसपास ठेवले आहेत, प्रोसेसर थोडा ओव्हरक्लॉकही करायचा, म्हणजे मूळ वेगापेक्षा पुढे न्यायचा आहे. दुकानदार एच६१० (इंटेल) किंवा ए५२० (एएमडी) चिपसेटचा बोर्ड घ्या म्हणतो. काय करू? – अमळनेर

तुमच्या कामाला दोन्ही नकोत. एच६१०वर ना प्रोसेसरचा वेग वाढवता येतो ना रॅमचा. ए५२०वर रॅमचा वाढतो, प्रोसेसरचा नाही. इंटेलमध्ये मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) उघडा मिळतो तो फक्त झेड मालिकेच्या चिपसेटवर, आणि तोही नावात 'के' असलेल्या प्रोसेसरसोबत. बी७६० बोर्डावर 'के'वाला प्रोसेसर बसवला तरी मल्टिप्लायर हलत नाही. रॅमचा वेग तेवढा वाढतो. झेड बोर्ड, के प्रोसेसर आणि त्याला झेपेल असा कूलर असा हिशोब मांडला की तुमचं बजेट संपून वर उधारी होते.

एएमडीकडे बी४५०, बी५५०, बी६५०, बी८५० या सगळ्यांवर ओव्हरक्लॉकिंग चालतं आणि रायझन प्रोसेसर जवळजवळ सगळे खुले असतात. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी हे त्यातले ठळक अपवाद, त्यांचा मल्टिप्लायर बंद असतो. तुमच्यासाठी बी५५० आणि रायझन ५ ५६०० ही जोडी पुरेशी आहे. हा प्रोसेसर मुळात ७६ वॉटपर्यंतच जातो, त्यामुळे साध्या बोर्डालाही जड जात नाही. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर थोडे जास्त घालून बी६५० घ्या, पण त्यावर ५६०० बसत नाही, ७६००सारखा प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम लागते. एएसरॉकच्या बी६५०एम-एचडीव्ही/एम.२चा व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) त्याच्या वर्गात दणकट आहे, पण रॅमचे स्लॉट दोनच. म्हणजे सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्या लागतील.

बोर्ड हातात घेऊन तीन गोष्टी बघा. प्रोसेसरच्या सॉकेटशेजारच्या मॉस्फेटवर (व्हीआरएमच्या छोट्या चिपांवर) हीटसिंक स्क्रूने बसवलेला आहे का, की सगळं उघडंच आहे? मागे बायॉस फ्लॅशबॅकची, म्हणजे बोर्ड सुरू होत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायॉस भरण्याची, सोय आहे का? मागचे यूएसबी पोर्ट सहा तरी आहेत का? ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा डबा), कीबोर्ड, माऊस, मिडी, डोंगल यातच पाच जातात.

ओव्हरक्लॉक करताना सगळ्या कोअरना एकच वेग ठोकून देऊ नका. एका ट्रॅकवरची प्लगिनची साखळी बहुतेक करून एकाच कोअरवर चालते, आणि ठोकून दिलेल्या वेगात एका कोअरची वरची उडी हुकते. बायॉसमध्ये पीबीओ (एएमडीची आपोआप वेग वाढवणारी सोय) चालू करा, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी सेटिंग) सगळ्या कोअरना उणे १०वर ठेवा, नीट चाललं तर उणे १५. बी५५०वर रॅम डीडीआर४-३६००, एक्सएमपी (रॅमचं जाहीर वेगाचं प्रोफाइल) चालू, एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८००. यातून पाचेक टक्के पदरात पडले तरी पुष्कळ. रेकॉर्डिंगमध्ये खरा फरक पडतो तो ३२ जीबी रॅमने आणि सॅम्पल एसएसडीवर ठेवल्याने.

जानेवारीत रायझन ५ ७६०० ट्यून केला. कर्व्ह ऑप्टिमायझर उणे ३०, रॅम ६०००. तासभर ओसीसीटी ही चाचणी चालवली, एकही एरर नाही. एप्रिल लागला आणि गाणं एक्स्पोर्ट करताना पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. बोर्ड गेला का? – भुसावळ

बोर्ड बहुधा ठीक आहे. प्रोसेसरवरचा कूलर त्याचं तापमान खोलीपेक्षा किती अंशांनी वर राहील एवढंच ठरवतो. २२ अंशांच्या खोलीत ७२ दाखवणारा प्रोसेसर ४२ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ९२ दाखवणार. मात्र ७६०० तापला म्हणून रीस्टार्ट होत नाही. ९५ अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून रीस्टार्टचं कारण दुसरीकडे शोधायचं.

विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टीम लॉगमध्ये रीस्टार्टच्या वेळेची नोंद पाहा. डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुका नोंदणारी विंडोजची सोय), क्रमांक १८ दिसला तर कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त ओढला गेलाय. नोंदीत अॅपिक आयडी दिलेला असतो, त्यावरून कोणता कोअर कच्चा आहे ते कळतं. एका कोअरचे दोन आयडी असतात. त्या कोअरला पाचने मागे आणा, उणे ३०चा उणे २५. उणे ३० सगळ्या कोअरना झेपणारी चिप नशिबानेच मिळते. शिवाय अशी चूक पूर्ण लोडवर कमी आणि हलक्या कामात, वेग वर उडी मारतो तेव्हा जास्त सापडते. ओसीसीटी पास होऊनही पीसी पडतो तो यामुळे.

नुसती कर्नल-पॉवर ४१ ही नोंद असेल आणि तिच्यात बगचेक कोड (विंडोजने पकडलेल्या चुकीचा क्रमांक) शून्य असेल तर वीज बघा. दुपारी गल्लीतले सगळे हवेचे कूलर एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली बसतं. मल्टिमीटरने त्या वेळी मोजा. यूपीएस बॅटरीवर उडी मारताना पीसी पडत असेल तर एक्स्पोर्ट चालू ठेवून यूपीएसचा प्लग काढून बघा, लगेच कळेल.

राहिली रॅम. डीडीआर५च्या पट्ट्या ६० अंशांच्या आसपास गेल्या की घट्ट टायमिंगवर चुका करू लागतात, आणि ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट त्यांच्यावर येते. टेस्टमेम५ ही रॅमची चाचणी चालवायची ती भर दुपारी, कॅबिनेट बंद ठेवून. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं) १.३च्या वर कधीही नेऊ नका. २०२३मध्ये एएम५चे (७६०० बसतो त्या सॉकेटचे) प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर एएमडीने हीच मर्यादा बायॉसमध्ये घातली. ६०००ला साधारण १.२० ते १.२५ पुरतं.

आपल्याकडे सोयीचा मार्ग म्हणजे बायॉसमध्ये दोन प्रोफाइल जतन करून ठेवणं. उन्हाळ्याच्या प्रोफाइलमध्ये पीपीटी (प्रोसेसरने ओढायच्या विजेची मर्यादा) ८८ऐवजी ७० वॉट, तापमानाची मर्यादा ८५, कर्व्ह उणे १५. मार्चअखेर हे लावा, पाऊस पडून हवा थंडावली की जुनं. एक्स्पोर्टला थोडा जास्त वेळ लागेल, एवढंच.

आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. थंड वाटतं खरं, पण तुषारांबरोबर पाण्यातले क्षार आत जातात आणि बोर्डावर पांढरे डाग धरतात. कापसाच्या हंगामात तंतूंनी हीटसिंक बुजतो, तेव्हा महिन्यातून एकदा ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटाने धरून मारा, नाहीतर पंखा उलटा गरगरून बेअरिंग जातं.

पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. हेडफोनमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज, आणि माऊस हलवला की चर्र होतं. बोर्डाचा ऑडिओ खराब आहे का? बोर्ड बदलू का? – शहादा

बोर्ड बदलायच्या आधी टेस्टर नव्हे, मल्टिमीटर आणा. इथे दोन वेगवेगळी दुखणी आहेत.

झिणझिण्या येतात याचा अर्थ घराला नीट अर्थिंग नाही. एसएमपीएसमध्ये (पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये) फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतला कचरा अर्थमध्ये सोडण्यासाठी. अर्थच नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण हाताला जाणवतो आणि माइकच्या केबलमधून गाण्यातही उतरतो. गायकाने माइकच्या जाळीला ओठ लावला की त्यालाही चटका बसतो, म्हणून हे आधी करा.

मीटर एसीवर, ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. तीन पिनच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल मोजा, २३०च्या आसपास येईल. मग फेज-अर्थ, तेही जवळपास तेवढंच यायला हवं. १०० किंवा १४० असा डोलणारा आकडा आला तर अर्थची तार कुठेच पोहोचत नाही. शेवटी न्यूट्रल-अर्थ: घरात लोड चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत. इथे लोड असूनही अगदी शून्यच येत असेल तर खूश होऊ नका. कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेले असू शकतात, आणि न्यूट्रल तुटला की कॅबिनेटवर सरळ फेज येतो.

दुरुस्तीचं काम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि अर्थ टेस्टर लावून रोध मोजायला सांगा. घरासाठी ५ ओहमच्या आत आला की बरं. तुमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दिवाळीत ठीक असलेलं अर्थिंग मेमध्ये दगा देतं ते म्हणून. खड्ड्याचा पाइप उघडा ठेवून उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घालत जा. पाण्याच्या नळाला तार गुंडाळण्याचा उद्योग करू नका, जमिनीखालचा पाइप आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचाच असतो. घराच्या विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

अर्थिंग झाल्यावर घूं बहुतेक जाईल. चर्र राहिलं तर हेडफोन पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर बोर्डाच्या तळातून, ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि तिथलाच गोंधळ उचलते. मागे आवाज स्वच्छ असेल तर विषय मिटला.

यूएसबी इंटरफेस आणि पॉवर्ड स्पीकर असतील तर स्पीकरची केबल काढून हेडफोनवर ऐका. हेडफोन स्वच्छ आणि स्पीकर चर्र करतात, असं असेल तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन्हींचे अर्थ केबलमधूनही जुळून झालेलं वेटोळं. पीसी आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, आणि दोन्हीकडे बॅलन्स्ड जॅक असतील तर पिनवर दोन काळ्या कड्या असलेल्या टीआरएस केबल वापरा. स्पीकरला फक्त आरसीए असेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाका. स्पीकरच्या प्लगची अर्थची पिन काढली की आवाज जातो, हे खरं आहे. तरी काढायची नाही.

एएलसी८९७ या ऑडिओ चिपऐवजी एएलसी१२२० असलेला बोर्ड तीन हजारांनी महाग मिळतोय. रेकॉर्डिंगसाठी घ्यावा का? – पाचोरा

नको. १२२०च्या जाहिरातीतले १२० डेसिबल (आवाज आणि खरखर यांतला फरक) हे चिपच्या कागदावरचे आणि ऐकण्याच्या बाजूचे आहेत. रेकॉर्डिंगच्या बाजूला गुलाबी जॅक दोन्ही बोर्डांवर सारखाच: दोन-तीन व्होल्टचा पुरवठा, धड प्रीअॅम्प नाही, आणि स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट तर नाहीतच. तेच तीन हजार इंटरफेसमध्ये घाला. बेरिंजरमध्ये यूएमसी२२ स्वस्त आहे, पण त्याला स्वतःचा एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा) ड्रायव्हर नाही, ४८ किलोहर्ट्झवर थांबतो. जमवता आलं तर यूएमसी२०२एचडी घ्या. इंटरफेस आला की बोर्डावरचा ऑडिओ बायॉसमधून बंदच करून टाका, ड्रायव्हरची भांडणं मिटतात.

बी५५० बोर्ड जुना घेतला. रेकॉर्डिंग चालू असताना टिकटिक येते, आणि कधी कधी इंटरफेस गायबच होतो. बफर (एका वेळी हाताळायचे सॅम्पल) १२८ आहे. – चाळीसगाव

गायब होणं आणि टिकटिक वेगवेगळं धरा. ५०० मालिकेच्या चिपसेटवर यूएसबी मध्येच तुटते हे एएमडीने २०२१च्या फेब्रुवारीत मान्य केलं आणि एप्रिलमध्ये एजेसा (बायॉसमधला एएमडीचा भाग) १.२.०.२ मधून दुरुस्ती दिली. जुन्या बोर्डावर त्याआधीचं बायॉस असण्याची दाट शक्यता आहे. पीसी सुरू होताना किंवा सीपीयू-झेड या प्रोग्राममध्ये बायॉसची आवृत्ती बघा. अपडेट करताना यूपीएस लावा, लाइट गेली तर बोर्ड फ्लॅशबॅकशिवाय उठणार नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून घ्या. तरीही तुटत असेल तर बायॉसमध्ये ग्राफिक्स स्लॉटचा वेग जेन ४ वरून जेन ३ वर आणा, ग्लोबल सी-स्टेट (रिकाम्या वेळी प्रोसेसर झोपवणारी सोय) बंद करा, आणि इंटरफेस हबमधून न जोडता सरळ मागच्या पोर्टला लावा.

टिकटिक बफरची. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद, एवढ्या वेळात सगळं गणित उरकायला हवं. गाताना १२८, मिक्स करताना १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, अशी सवय लावा. गातानाच टिकटिक होत असेल तर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर अडवतो ते दाखवणारा प्रोग्राम) दहा मिनिटं चालू ठेवा. वायफायचा ड्रायव्हर सगळ्यात वर दिसला तर रेकॉर्डिंगपुरतं वायफाय बंद. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. टिक नेमकी फ्रिज किंवा कूलरची मोटर सुरू होताना येत असेल, तर ती लाइन वेगळ्या एमसीबीवर घ्या.

सेकंडहँड आय७-१३७००के आणि झेड६९० बोर्ड स्वस्तात मिळतोय. ओव्हरक्लॉकिंगला उत्तम ना? – शिरपूर

बिल असेल तरच विचार करा. तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या ६५ वॉट आणि त्यावरच्या प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे हळूहळू कायमचा बिघाड होत होता. इंटेलने २०२४मध्ये मायक्रोकोड (बायॉसमधून येणारा प्रोसेसरचा आतला कोड) ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी दिला, बॉक्सवाल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधी झालेला बिघाड मात्र मायक्रोकोडने भरून येत नाही. विकणाऱ्यासमोरच मोठी फाइल झिपमधून दोन-तीनदा उघडा, सिनेबेंच ही चाचणी दहा मिनिटं फिरवा. एकदाही एरर आली तर उठून या. शिवाय मर्यादा न लावता हा प्रोसेसर २५० वॉट सहज ओढतो. शिरपूरच्या मे महिन्यात ती उष्णता कुठे सोडणार?

पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतो. पाण्याचा कूलर, म्हणजे लिक्विड कूलिंग घेऊ का? – धुळे

लिक्विडलाही पंखे असतात, वर पंपाची घरघर. त्याआधी फुकटचं करा: बायॉसमध्ये ६५ अंशांपर्यंत पंखा ३० टक्क्यांवर सपाट ठेवा आणि वेग बदलायला तीन-चार सेकंदांचा उशीर लावा, म्हणजे तो सारखा वरखाली होणार नाही. खोली चाळिशीत असेल तर ही हद्द ७५वर न्या. कार्डिओइड (समोरचाच आवाज जास्त घेणाऱ्या) माइकची पाठ कॅबिनेटकडे करा, तोंडाचं अंतर चार बोटं. जमल्यास पीसी बाजूच्या खोलीत ठेवा. यूएसबीची केबल पाच मीटरपर्यंतच भरवशाची, त्यामुळे इंटरफेस पीसीजवळ ठेवून माइकची एक्सएलआर केबलच लांब घ्या, तिला दहा-पंधरा मीटरनेही काही होत नाही. छतावरचा पंखा मात्र टेकपुरता बंदच करावा लागेल. गाणं पहाटे घ्या.