स्वस्तातली सायकल: विकू की दुरुस्त करू?

प्रश्न: नमस्कार, रोज कामावर जायला स्वस्तातली सात गिअरची सायकल घेतली, दीड वर्ष होत आलं. मागच्या चाकाच्या तारा सारख्या तुटतात, चाक आउट होतं आणि आता पॅडल मारताना क्रँकपाशी (पॅडल ज्या दांड्याला असतं तिथे) कटकट वाजतं. मित्र म्हणतात स्वस्त माल असाच, विकून टाक. काय करू?

उत्तर: एवढ्यात विकू नका हो. आधी फ्रेम उजेडात नेऊन वेल्डिंगच्या जोडांजवळ बघा, रंगात बारीक चीर किंवा गंजाची रेघ नसेल तर सायकल अजून बरीच वर्षं चालेल. स्वस्त सायकलची फ्रेम बहुतेक वेळा लोखंडी, जड पण दणकट असते, पैसे वाचवलेले असतात चाकांत, बेअरिंगमध्ये आणि सगळ्यात जास्त म्हणजे जोडणीत. घाईत जोडलेली सायकल, तारा नीट ताणलेल्या नाहीत, हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) कोन, म्हणजे आतल्या छर्र्यांना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे निमुळते नट, एकतर गच्च नाहीतर ढिले, ग्रीस नावाला, आणि पहिल्या महिन्यात ती परत कुणी कसत नाही. तिथेच वाट लागते.

तार तुटली की आपल्याला वाटतं खड्ड्यात आपटली, पण बरेचदा ती ढिली होती म्हणून तुटते. चाकाच्या प्रत्येक फेरीत तारेवरचा ताण कमी-जास्त होतो, ढिली तार हलत राहते आणि हबच्या भोकात जिथे तिला वाक असतो तिथे थकून तुटते. मेकॅनिक तुटलेली तेवढी बदलतो, आउट काढतो, पुढच्या महिन्यात शेजारची जाते. त्याला सांगा की सगळ्या तारा एकसारख्या ताणून दे, आणि चाक खोललंच आहे तर कोन आणि छर्रे बघ, नवीन ग्रीस भर. कोनावर खड्डे पडले असतील तर कोन बदला, फार खर्चाचं काम नाही. एक्सलही (हबच्या आरपार जाणारी दांडी) काढून सपाट काचेवर लोळवून वाकलाय का ते बघा. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकावरची गिअरची दातेरी चक्रं, तसल्या फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे बरेच आत असतात, त्यामुळे त्या बाजूचा एक्सल आधाराशिवाय लांब बाहेर येतो आणि वाकतो, वजनदार माणूस किंवा भरलेलं कॅरिअर असेल तर लवकरच.

कटकटीचं मात्र आजच बघा, तोवर चालवू नका. क्रँक धरून आडवा हलवा, एकच क्रँक हलला तर त्याचा बोल्ट ढिला आहे, दोन्ही एकत्र हलले तर आतलं बेअरिंग. ढिल्या बोल्टवर चालवत राहिलात तर अॅल्युमिनियमच्या क्रँकचं चौकोनी भोक गोलसर होतं, मग कितीही कसा, परत ढिलाच होणार, क्रँक बदलावाच लागतो. दोन्ही क्रँक घट्ट असतील तर पॅडल कसून बघा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा, नाहीतर कसायच्या ऐवजी सोडून बसाल.

प्रश्न: चेन कधी बदलायची? दुकानदार दर वेळी म्हणतो बदला.

उत्तर: त्याचं सोडा, स्वतः मोजा. नवीन चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून चोविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत बरोबर 12 इंच भरतात, म्हणजे पहिली पिन न धरता मोजायचं. चेन थोडी ताणून पट्टी लावा, 1/16 इंच जास्त भरलं तर चेन बदला, 1/8 झालं तर बहुधा फ्रीव्हीलचे दातही गेले, नवीन चेन त्याच्यावर घसरेल. चेनचं लोखंड काही लांबत नाही, आतल्या पिना झिजतात, आणि झिजवते ती तेलात कालवलेली धूळ. म्हणून ऑइल टाकलं की थोडा वेळ पॅडल फिरवून बाहेरचं सगळं फडक्यानं पुसून काढा, वरून चकचकीत तेलकट दिसणारी चेन धूळच गोळा करते. गंज सोडवायच्या स्प्रेनं साफ करा खुशाल, पण त्यानंतर ऑइल हवंच, तो फार पातळ असतो.

प्रश्न: सायकल उघड्यावर राहते, गंजेल का?

उत्तर: गंजेल, पण वरून दिसतो त्या गंजाला घाबरू नका. सीटची दांडी वर्षातून एकदा बाहेर काढून पुसा, ग्रीस लावून परत बसवा, एकदा आत गंजून अडकली की निघता निघत नाही. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याप्रमाणे ठेवा, कमी हवेत खड्ड्याला रिम आपटते, ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.