फोटोखालची ओळ आधी वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी जाती आणि धंद्यांची जुनी चित्रं जमवते आहेस, हे वाचून बरं वाटलं. तंजावरकडच्या चित्रकारांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या साहेबांसाठी काढलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या तुला आवडल्या आहेत. देखण्या आहेतच त्या. पण प्रत्येकाच्या हातात अवजार का, हे विचारून बघ. साहेबाला मायदेशी न्यायला एक जात, एक धंदा, एक पोशाख असा संच हवा होता. ज्याचा धंदा जातीशी जुळत नव्हता, त्याला त्या संचात जागाच नव्हती.

पुढे कॅमेरा आला. 1857 च्या उठावानंतर आपण कोणावर राज्य करतो आहोत हे सरकारला जाणून घ्यायचं होतं. 1868 ते 1875 या काळात जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेले आठ खंड निघाले, ‘द पीपल ऑफ इंडिया’. साडेचारशेहून जास्त फोटो आहेत त्यांत. बहुतेक चेहऱ्यांना नाव नाही, जात मात्र आहे. आणि शेजारच्या मजकुरात कोणती जात कष्टाळू, कोणती चोरटी, याचे निवाडे. मला सगळ्यात जास्त राग त्या मजकुराचा येतो. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आला, तोही याच नजरेतून. जन्माने माणूस गुन्हेगार ठरला.

त्याचे परिणाम बघायला तुला लांब जायला नको. आपल्या सोलापुरात कैकाडी, पारधी अशा समाजांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं. हजेरी द्यायची आणि गिरणीत राबायचं. कुंपण सुटलं 1952 साली. त्या भागाला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. म्हणजे कागदावर ‘गुन्हेगार’ असलेला माणूस प्रत्यक्षात गिरणी कामगार होता. असा फोटो तुला त्या खंडांत मिळणार नाही.

‘विणकर’ या पाटीचंही तसंच. सोलापूरच्या पूर्व भागातले पद्मशाली, साळी, कोष्टी, मोमीन, सगळेच विणणारे. पण कोण विणत होतं, याइतकंच कोणाला विणू दिलं जात नव्हतं हेही लिही. मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून सवर्ण कामगार विटाळाचं कारण काढून दलितांना चांगल्या पगाराच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, येऊ देत नसत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. धंदा जातीने आपोआप ठरत नव्हता, माणसं दारात उभं राहून तो ठरवत होती. हे कुठल्याच चित्रात दिसत नाही.

तरी चित्रं टाकून देऊ नकोस. कुणाच्या तरी खापरपणजीचा तो एकमेव चेहरा असेल. प्रत्येक चित्राखाली काढणारा, वर्ष आणि कोणासाठी काढलं एवढं लिही. मूळ इंग्रजी मजकूर लावायचाच तर तो कोणाचा आहे हे ठळक सांग. शेजारी सेटलमेंटमधल्या आणि पूर्व भागातल्या घरांतले फोटो लाव, लग्नातले, गिरणीच्या गेटवरचे. त्यांच्या घरी बसून, परवानगी घेऊन. खाली काय लिहायचं ते त्यांनाच विचार, आणि जात लिहू नका म्हणाले तर लिहू नकोस.

चित्रांखालच्या ओळी तयार झाल्या की आधी त्याच पाठव. फोटो मी नंतर बघेन.

तुझे सर