पुरात बुडालेली गाडी ओळखावी कशी?

प्रश्न : मी कराडजवळ राहणारा निवृत्त शिक्षक आहे. कोल्हापूरच्या एका एजंटाकडे २०१७ सालची पेट्रोल गाडी पाहिली. मीटरवर ४६ हजार किलोमीटर दिसतात, मालक एकच आहे आणि किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. शेजारी म्हणतात, ही २०१९ च्या पुरातली गाडी असणार. एजंट मात्र ते साफ नाकारतो. मिस्त्रीला घेऊन जाण्याआधी मी स्वतः काय काय पाहावे? शिवाय, ‘सही केलेले ट्रान्सफरचे फॉर्म देतो, नाव सवडीने लावून घ्या,’ असे तो म्हणतो. तसे केले तर चालेल का?

उत्तर : आपल्या शेजाऱ्यांची शंका अस्थानी नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. दुरुस्ती परवडणार नाही अशा गाड्यांना विमा कंपन्या ‘टोटल लॉस’ ठरवतात. त्या आहेत त्या स्थितीत विकल्या जातात आणि त्यांपैकी काही धुऊन-पुसून, नवी सीट कव्हरे चढवून पुन्हा बाजारात येतात. हे गिऱ्हाइकाला सांगून आणि त्या मानाने दर लावून झाले, तर माझी तक्रार नाही. लपवाछपवी होते, तिथे मात्र आपल्यालाच शोध घ्यावा लागतो.

हा शोध सीट बेल्टपासून सुरू करावा. बेल्ट नेहमीसारखा अर्धा न ओढता, तो थांबेपर्यंत पूर्ण बाहेर काढावा. रोजच्या वापरात जो भाग दाराशेजारच्या खांबाच्या आत गुंडाळलेलाच राहतो, त्यावर पाण्याची आडवी रेघ किंवा गाळाचा पिवळट डाग बरेचदा तसाच राहिलेला असतो, कारण धुणाऱ्याचा हात तिथवर पोहोचत नाही. बेल्टच्या बुडाशी शिवलेल्या पट्टीवर उत्पादनाची तारीखही असते. गाडी २०१७ ची आणि बेल्ट दोन-तीन वर्षांनंतरचा असेल, तर तो का बदलावा लागला, याचे उत्तर मागावे. ते कारण पूर नसून मोठा अपघातही असू शकतो.

त्यानंतर डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढावी आणि तिच्या खोबणीतला नमदा उचलून तळ पाहावा. दाराच्या उंबऱ्यावरचे रबरी बीडिंग थोडे ओढले की कार्पेटची कडा मोकळी होते. खालच्या फोममध्ये बोट दाबून ओल किंवा बारीक, चिकट गाळ लागतो का, ते तपासावे. पुढच्या सीटखाली टॉर्च मारून सीटच्या रुळांचे बोल्ट आणि तिथले वायरिंगचे जोड पाहावेत. तांब्यावर हिरवट थर चढला असेल, तर पाणी सीटपर्यंत आले होते, असा संशय धरावा. साधी धूळ आणि गाळ यांत गल्लत करू नये : धूळ वरून बसते, गाळ मात्र बंद पोकळीतही शिरतो. नुसत्या गंजावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण किनाऱ्यावर वापरलेली गाडी पूर न पाहताही गंजते. गाडीत उग्र अत्तराचा घमघमाट असेल, तर काचा बंद करून एसी दहा मिनिटे चालवावा. मुरलेला कुबट वास त्यातूनही वर येतो.

इंजिन मात्र थंड असतानाच पाहावे. आपण पोहोचण्याआधीच गाडी सुरू करून ठेवलेली आढळली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. पाण्यात असताना कोणी इंजिन सुरू केले असेल, तर सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकतो. असे इंजिन कधीकधी चालतेही, पण त्या सिलिंडरचा दाब कमी भरतो. म्हणून मिस्त्रीकडून हा दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट आवर्जून करून घ्यावी. तिला एजंटाने आडकाठी केली, तर ती गाडी सोडून द्यावी.

मीटरवरच्या आकड्यावर विसंबू नये. गाडीच्या नंबरावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी मिळतात का, हे मालकाला सोबत नेऊन विचारावे. त्यांत किलोमीटरही कळतात आणि २०१९ च्या पावसाळ्यानंतर काय काय बदलले, तेही. मालकाकडून विम्याच्या दाव्यांचा तपशीलही मागावा.

आता फॉर्मविषयी. नाव सवडीने लावण्याचा सल्ला मुळीच मानू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत हस्तांतराची नोंद आरटीओकडे करायची असते. हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवरच्या मालकाचीच हवी. म्हणून कोऱ्या फॉर्मवर समाधान न मानता मालकाला प्रत्यक्ष भेटावे आणि आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहावा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नयेत. थकलेली ई-चलने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. ती विकणाऱ्याने भरावीत, हे आधीच ठरवून घ्यावे.

विमाही १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. तिसऱ्या पक्षाचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचे, संरक्षण गाडीबरोबर येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसीवर नाव नसल्यास अडू शकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, आपल्याला मिळत नाही. तेव्हा एजंट ‘विमा चालू आहे’ म्हणून किंमत वाढवून सांगत असेल, तर बोनसची सवलत नसताना हप्ता किती होईल, हे विमा कंपनीकडून आधी काढून घ्यावे आणि मगच घासाघीस करावी.