जुन्या सोलापुरी चादरी मधे विरल्यात, टाकवत नाहीत. काय करता येईल?

टाकू नका. आधी चादर उन्हाकडे धरून बघा. विरते ती मधे, जिथे रोज पाठ टेकते तिथे. कडेचा वीतभर पट्टा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. तोच कामाचा.

त्या पट्ट्यातून बाजाराची पिशवी उत्तम होते. १६ बाय १८ इंचाचे दोन तुकडे लागतात. कडेचा पट्टा तेवढा रुंद नसेल तर दोन पट्टे जोडून घ्या. पण थेट कात्री लावू नका. सूत जाड असतं, कापताक्षणी धागे सुटायला लागतात. खडूने रेघ मारायची, रेघेच्या आतून दोनदा शिलाई घालायची आणि मगच कापायचं. मशीनला १८ नंबरची सुई लावा. मी आळस करून १४ नंबरवरच चालवली, दोन सुया मोडल्या. बंदांना जुन्या जीन्सची कंबरपट्टी वापरा, किलोभर कांदे सहज पेलते.

विरलेला मधला भाग गोधडीच्या पोटात घाला. वर-खाली जुनं सुती लुगडं, आई-आजीचं इरकल असेल तर काय विचारता! कडेपासून आत आत धावदोरा घालत यायचं, म्हणजे आतला कपडा गोळा होत नाही. सिंथेटिक साडी मात्र नको. सोलापूरच्या उन्हाळ्यात अंगाला चिकटते.

टर्किश टॉवेलचं पायपुसणं तर सगळेच करतात. चार घड्या, चौकटीत शिलाई, झालं.